समुद्राच्या तळाशी यंत्र, गटाराच्या तळाशी माणूस!

चेन्नई शहरात पाण्याखालच्या यंत्रांवर काम करणाऱ्या दोन मोठ्या संस्था आहेत. पहिली राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्था. तीन माणसांना घेऊन सहा हजार मीटर खोल समुद्रात उतरण्यासाठी 'मत्स्य ६०००' नावाची पाणबुडी येथे आकाराला आली. ती ज्या 'डीप ओशन मिशन'चा भाग आहे, त्या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये पाच वर्षांसाठी ४,०७७ कोटी रुपये मंजूर केले. दुसरी संस्था आयआयटी मद्रास. येथे पदव्युत्तर शिक्षणाच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या दिवांशू कुमार या विद्यार्थ्याने आपल्या प्रकल्पासाठी सहा हजार मीटरचा समुद्र निवडला नाही. त्याने घरामागची संडासाची टाकी निवडली. माणसाला आत न उतरवता ही टाकी साफ करणारे यंत्र बनवायचे, हा त्याचा विषय. त्यातूनच पुढे 'होमोसेप' हे यंत्र उभे राहिले.

दोन्ही ठिकाणी पाणी आहे, काळोख आहे, श्वास कोंडणारी खोली आहे. परंतु समुद्राच्या तळाशी जो माणूस जाणार आहे, त्याच्याभोवती टायटॅनियमचा गोल कवच म्हणून असेल आणि तो सुखरूप वर यावा म्हणून शेकडो तज्ज्ञ रात्रंदिवस खपतील. टाकीत जो माणूस उतरतो त्याच्या कमरेला दोरी असते, तीही कधी असते, कधी नसते. तो माणूस कोणत्या जातीचा असतो, हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

विज्ञानाला आमचा विरोध नाही. उलट समुद्रतळाचे संशोधन व्हावे, देशाने त्यात पुढे जावे, असेच आम्हाला वाटते. आमचा प्रश्न वेगळा आहे. पाण्याखालच्या यंत्रमानवाचे जे शास्त्र आज जगभर संशोधक विद्यार्थी विकसित करीत आहेत, त्यात आमची मुले कुठे आहेत? आणि त्या शास्त्राने कोणता प्रश्न सोडवायचा, हे ठरवणारे कोण आहेत?

खडकवासल्यापासून संगणकापर्यंत

या शास्त्रात 'सिम्युलेशन' हा शब्द वारंवार येतो. सिम्युलेशन म्हणजे खऱ्या गोष्टीची हुबेहूब नक्कल उभी करून तिच्यावर आधी प्रयोग करणे. ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन शाळा आहे. तिची सुरुवात १९१६ साली मुंबई इलाख्याच्या सरकारने केली. धरण बांधण्यापूर्वी, बंदर खोदण्यापूर्वी त्या नदीची किंवा खाडीची लहान प्रतिकृती तेथे तयार केली जाते, तिच्यात पाणी सोडले जाते आणि भिंत टिकेल काय, गाळ कुठे साचेल, याचा अंदाज घेतला जातो. कोट्यवधी रुपये पाण्यात जाण्याआधी चूक कळावी, हा त्यामागचा हेतू.

संगणकाने हेच काम सिमेंट-वाळूशिवाय शक्य केले. अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात २००२ साली अँड्र्यू हॉवर्ड आणि त्यांचा विद्यार्थी नेट कोनिग यांनी 'गझिबो' नावाची संगणक प्रणाली लिहायला घेतली. यंत्रमानव बाहेरच्या ओबडधोबड जमिनीवर कसा वागेल, हे प्रत्यक्ष यंत्र न बनवता पडद्यावर पाहता यावे, एवढाच तिचा हेतू होता. एका विद्यार्थ्याच्या गरजेतून जन्मलेली ही प्रणाली पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचली. २०१३ साली अमेरिकेच्या संरक्षण संशोधन खात्याने यंत्रमानवांची स्पर्धा घेतली, तेव्हा तिची पहिली फेरी याच आभासी जगात झाली. प्रणालीची जुनी आवृत्ती जानेवारी २०२५ मध्ये निवृत्त झाली. आता तिची नवी आवृत्ती वापरात आहे आणि तीही पूर्णपणे मोफत आहे.

जमिनीसाठी लिहिलेल्या या प्रणालीत पाणी आणणे मात्र सोपे नव्हते. पाण्यात वस्तूला वर ढकलणारे बल असते. ते नेमके कुठे लागते आणि यंत्राचे वजन कुठे एकवटले आहे, यावर यंत्र सरळ राहील की कलंडेल हे ठरते. यंत्र पुढे सरकले की आजूबाजूचे पाणीही ढकलावे लागते, त्यामुळे ते आपल्या वजनापेक्षा जड असल्यासारखे वागते. प्रवाह त्याला बाजूला ओढतो. जीपीएसच्या लहरी पाण्यात शिरत नाहीत, म्हणून यंत्राला आपण कुठे आहोत हे आवाजाच्या लहरींवरून शोधावे लागते. आवाज पाण्यात सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर जातो, पण तळावर, खडकावर आपटून त्याचे खोटे प्रतिध्वनीही येतात. कॅमेऱ्याचे म्हणाल तर काही मीटर खोलीवरच लाल रंग नाहीसा होतो आणि सगळे हिरवे-निळे दिसू लागते. हे सारे गणितात बसवून संगणकाला शिकवावे लागते. युरोपातील एका संयुक्त प्रकल्पातून असे एक जोडकाम गझिबोवर उभे राहिले आणि ते २०१६ साली मांडले गेले. त्याचीही संहिता सर्वांसाठी खुली ठेवण्यात आली.

याचे महत्त्व काय? संशोधनाचे जहाज समुद्रात न्यायचे तर एका दिवसाला लाखो रुपये लागतात. यंत्र हरवले तर वर्षांची मेहनत बुडते. अमेरिकेच्या वूड्स होल संस्थेचा 'नेरियस' हा यंत्रमानव मे २०१४ मध्ये न्यूझीलंडजवळच्या केरमाडेक गर्तेत सुमारे ९,९०० मीटर खोलीवर पाण्याच्या दाबाने चिरडला गेला. दर दहा मीटरला हवेच्या एका वातावरणाएवढा दाब वाढत जातो, हे लक्षात घेतले तर त्या खोलीवर काय होत असेल याची कल्पना यावी. आभासी समुद्रात मात्र यंत्र हजार वेळा बुडवता येते, हजार वेळा चुकता येते आणि एक रुपयाही बुडत नाही.

म्हणजे ज्याच्याकडे जहाज नाही, तलाव नाही, पैसा नाही, अशा विद्यार्थ्यालाही या शास्त्राचे पहिले दार उघडले आहे. नांदेडच्या वसतिगृहातल्या मुलाला किंवा नागपूरच्या वस्तीतल्या मुलीला साधारण बऱ्या संगणकावर खोल समुद्रातला यंत्रमानव चालवून पाहता येतो. ज्ञानाच्या तळ्यावर आजवर ज्यांनी पहारे बसवले, त्यांच्या हातून हा एक पाणवठा सुटला आहे.

दुसऱ्या दारावर पहारा आहेच

पण येथे भाबडेपणा नको. आभासी पाणी नेहमी शहाण्यासारखे वागते, खरे पाणी तसे वागत नाही. खऱ्या पाण्यात सांधे गळतात, तारा कुजतात, पंख्यात दोरा अडकतो. संगणकावर उत्तम चाललेले यंत्र हौदात सोडताच गिरक्या घेऊ लागते, हा या क्षेत्रातील रोजचा अनुभव आहे. म्हणून कधी ना कधी संशोधकाला हौद लागतो, कार्यशाळा लागते, मार्गदर्शक लागतो. हे दुसरे दार आणि त्याच्या किल्ल्या संस्थांकडे आहेत.

या संदर्भात अमेरिकेतील एक घटना आमच्या तरुणांनी जरूर माहीत करून घ्यावी. ॲरिझोनातील फिनिक्स शहरात कार्ल हेडन नावाची शाळा आहे. तेथे शिकणारी चार मुले मेक्सिकोतून लहानपणीच आई-बापांसोबत आलेली. घरी गरिबी आणि देशात राहण्याची कागदपत्रे नाहीत. २००४ साली सांता बार्बरा येथे पाण्याखालच्या यंत्रमानवांची स्पर्धा झाली. या मुलांनी दोन शिक्षकांच्या मदतीने प्लास्टिकच्या नळ्या जोडून एक यंत्र बनवले आणि शालेय गटात न उतरता थेट महाविद्यालयीन गटात नाव दिले. ऐन वेळी यंत्राच्या पेटीत पाणी झिरपू लागले, तेव्हा स्त्रिया पाळीत वापरतात ते शोषक बोळे दुकानातून आणून त्यांनी ते पाणी टिपण्याची सोय केली. समोर एमआयटीसारख्या जगप्रसिद्ध संस्थेचा संघ होता. निकाल लागला तेव्हा पहिला क्रमांक या चार मुलांचा होता आणि एमआयटी दुसऱ्या क्रमांकावर होती.

गोष्ट येथे संपली असती तर आम्ही ती सांगितलीही नसती. त्या चौघांतला एक जण पुढे २००९ साली यांत्रिकी अभियंता झाला. पण कागदपत्रे नसल्याने त्याला शिक्षणाला साजेशी नोकरी मिळेना. कायद्याने वागावे म्हणून तो स्वतःहून मेक्सिकोत परतला, तर त्याच्यावर दहा वर्षांची प्रवेशबंदी आली. ती उठायला २०१० साल उजाडले आणि त्यासाठी एका सिनेटरला मध्ये पडावे लागले. बुद्धीने पहिला नंबर मिळवला तरी व्यवस्था दाराशी कागद मागत उभी राहते, हे यातून कळते.

आपल्याकडे तो कागद पैशाचा असतो. उत्तर प्रदेशातील एका रोजंदारी मजुराच्या दलित मुलाला २०२४ साली आयआयटी धनबादमध्ये जागा मिळाली. १७,५०० रुपये भरायचे होते. रक्कम जमवता जमवता मुदत संपली आणि जागा गेली. ३० सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपला विशेष अधिकार वापरून त्याला प्रवेश द्यायला लावला. न्यायालयाचे आभार मानलेच पाहिजेत. परंतु सर्वोच्च न्यायालयापर्यंत जे पोहोचू शकले नाहीत, त्यांच्या जागांचे काय झाले?

प्रश्न कोणता निवडायचा?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. संशोधनात उत्तरापेक्षाही प्रश्नाची निवड महत्त्वाची असते. ज्याच्या घरातला माणूस टाकीत उतरला नाही, त्याला टाकी हा संशोधनाचा विषय वाटणे कठीण. म्हणूनच होमोसेपचे आम्हाला मोल वाटते. प्रा. प्रभू राजगोपाल यांच्या मार्गदर्शनाखाली झालेला हा विद्यार्थी-प्रकल्प २०१९ साली एका स्पर्धेत मांडला गेला, पुढे सोलिनास या नवउद्योगाच्या मदतीने यंत्र तयार झाले आणि जून २०२२ मध्ये आयआयटी मद्रासने ते जाहीर केले. हे काम करताना त्यांनी सफाई कर्मचारी आंदोलनाशी संपर्क ठेवला. सुरुवातीची यंत्रे कोणा ठेकेदाराला न देता, सफाईच्या कामात पती गमावलेल्या महिलांच्या बचत गटांकडे देण्यात आली. तामिळनाडूनंतर गुजरात आणि महाराष्ट्राचाही विचार असल्याचे तेव्हा सांगण्यात आले होते. त्याआधी २०१८ साली केरळमधील तरुण अभियंत्यांनी 'बँडिकूट' हा मॅनहोल साफ करणारा यंत्रमानव तिरुवनंतपुरममध्ये वापरात आणला होता.

हे यंत्र करते काय, तेही समजून घेतले पाहिजे. संडासाच्या टाकीत तीन थर असतात. वर तरंगणारी साय, मध्ये पाणी आणि तळाशी घट्ट बसलेला गाळ. पंपाने मधले पाणी सहज ओढले जाते, पण तळाचा गाळ निघत नाही. तो सैल करण्यासाठीच माणसाला आत उतरवले जाते. आत प्राणवायू कमी, मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड भरलेले. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले की माणसाचे नाकच बधिर होते आणि वास येईनासा होतो. वास नाही म्हणजे धोका नाही असे समजून माणूस उतरतो, त्याला वाचवायला दुसरा उतरतो, मग तिसरा. एकाच टाकीत तीन-तीन, चार-चार जीव का जातात, याचे कारण हे आहे. होमोसेपची पाती तोंडातून आत जाताना मिटलेली असतात आणि आत गेल्यावर छत्रीसारखी उघडतात. ती फिरून घट्ट गाळ ढवळतात, सगळे एकजीव करतात आणि मग ते मिश्रण पंपाने ओढून घेतले जाते.

येथेच आमच्या संशोधक विद्यार्थ्यांसाठी मोठे काम पडले आहे. समुद्राच्या पाण्याचे गणित शास्त्रज्ञांनी घोटून घोटून पक्के केले आहे. मैल्याचा गाळ मात्र पाण्यासारखा वागत नाही. तो स्थिर असताना घट्ट राहतो, ढवळला की पातळ होतो, सोडून दिला की पुन्हा आवळतो. त्यात चिंध्या असतात, प्लास्टिक असते, विटांचे तुकडे असतात. कॅमेऱ्याला काही दिसत नाही. प्रत्येक टाकीचा आकार वेगळा, तोंड अरुंद आणि नकाशा कोणाकडेच नाही. समुद्रासाठी विनामूल्य आभासी प्रयोगशाळा उपलब्ध आहे, तशीच गटारासाठीही हवी. मुंबईचे मॅनहोल, मराठवाड्यातल्या शाळेची टाकी, कोकणातल्या गावातला शोषखड्डा संगणकावर उभा करता आला, तर शंभर महाविद्यालयांतील शंभर विद्यार्थी आपापली यंत्रे त्यात उतरवून पाहू शकतील. पीएच.डी.साठी याहून कठीण आणि याहून उपयोगी विषय कोणता असेल?

कायदा आहे, हे आम्ही विसरलेलो नाही. १९९३ चा कायदा झाला, २०१३ चा अधिक कडक कायदा झाला. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मृतांच्या वारसांना दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला, २० ऑक्टोबर २०२३ रोजी ती रक्कम तीस लाख केली. २९ जानेवारी २०२५ रोजी मुंबईसह सहा महानगरांत माणसाकरवी गटारसफाई बंद करण्याचा आदेश दिला. तरीही माणसे मरतातच. आणि २०२१ साली केंद्र सरकार राज्यसभेत सांगते की हाताने मैला उचलण्याच्या प्रथेमुळे एकही मृत्यू नोंदलेला नाही! मग मेले ते कशाने? तर म्हणे 'धोकादायक सफाई' करताना. शब्द बदलला की प्रेताची नोंद बदलते. यंत्राला अशी शब्दांची कसरत करता येत नाही. ते एक तर टाकी साफ करते, नाही तर करीत नाही.

मात्र यंत्र आले की जात जाईल, असे कोणी समजू नये. यंत्र ठेकेदाराच्या गोदामात गंजत पडले आणि स्वस्त पडते म्हणून माणूसच उतरवला गेला, तर शास्त्र काय करणार? यंत्राची मालकी कोणाची, ते चालवण्याचे प्रशिक्षण कोणाला, पगार किती, हे प्रश्न प्रयोगशाळेत सुटत नाहीत. ते संघटनेच्या बळावरच सुटतात. सफाई कामगाराच्या मुलाने यंत्राचा केवळ चालक होऊन थांबू नये. त्याने यंत्राचा आराखडा काढणारा व्हावे, हा आमचा आग्रह आहे.

बाबासाहेबांचे पाणी

पाण्याचा हक्क म्हटले की आपल्याला २० मार्च १९२७ चे चवदार तळे आठवते आणि ते आठवलेच पाहिजे. पण त्याच बाबासाहेबांचे पाण्याविषयीचे दुसरे कार्य आपण फारसे सांगत नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना पाटबंधारे आणि वीज ही खातीही त्यांच्याकडे होती. दामोदर खोऱ्याच्या योजनेला त्यांनी दिशा दिली. देशातील नद्यांचा शास्त्रीय विचार करणारा केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग १९४५ साली त्यांच्याच पुढाकाराने स्थापन झाला. आजचा केंद्रीय जल आयोग हा त्याचाच वारस. तळ्यावर हक्क सांगणारा नेता आणि नद्यांचे नियोजन करणारा मंत्री एकच होता. पाणी पिण्याचा हक्क आणि पाण्याचे शास्त्र हाती घेण्याचा हक्क, या दोन्ही गोष्टी त्यांनी वेगळ्या मानल्या नाहीत. आपण मात्र पहिली घेतली आणि दुसरीकडे दुर्लक्ष केले.

म्हणून समाजबांधवांना आमचे सांगणे आहे. अभियांत्रिकीला मुलगा-मुलगी घातली की लगेच नोकरीची घाई करू नका. ज्यांना झेपते त्यांना एम.टेक., पीएच.डी. करू द्या. बार्टीची अधिछात्रवृत्ती, राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती यांच्या मुदती विहाराच्या फलकावर लावा. त्या वेळेवर मिळत नसतील तर मोर्चा काढा, कारण उशिरा आलेली शिष्यवृत्ती ही नाकारलेली शिष्यवृत्तीच असते. जयंतीच्या खर्चातून दरवर्षी एक चांगला संगणक वस्तीच्या अभ्यासिकेत आणता आला, तर डीजेच्या आवाजापेक्षा त्याचा आवाज दूर जाईल. आणि ज्या प्राध्यापकांनी, अभियंत्यांनी आरक्षणाच्या बळावर जागा मिळवल्या आहेत, त्यांनी महिन्यातून एक रविवार या मुलांना द्यावा.

रायगड जिल्ह्यात महाड आहे. त्याच जिल्ह्यात, महाडपासून फार दूर नसलेल्या लोणेरे येथे बाबासाहेबांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. चवदार तळ्याला वंदन करायला दरवर्षी लाखो पावले या वाटेने जातात. त्यातल्या काही पावलांनी पुस्तक आणि संगणक घेऊन लोणेऱ्याकडेही वळावे. समुद्राचा तळ आमच्या मुलांनी जरूर पाहावा. पण त्याआधी असे यंत्र बनवावे की पुन्हा कोणत्याही आईला आपल्या मुलाचे प्रेत टाकीच्या तोंडाशी ओळखण्याची पाळी येऊ नये.